नलूताईंनी न घेतलेला पेढा

उंदरांचा पिंजरा उघडण्याआधी नलूताई त्यावर बोटानं टकटक करायच्या आणि विचारायच्या, “येऊ का रे?” हैदराबादला लशीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि खास पुणेरी हसू हसलो. “दचकलेला उंदीर खरं सांगत नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. मी परदेशातून पदवी घेऊन आलेला. असलं काही माझ्या पुस्तकांत नव्हतं.

नलूताई हैदराबादच्याच, तारनाका भागातल्या. चार पिढ्या इथेच गेल्यामुळे मराठीत दखनी सहज मिसळलेली. कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या न्यूमोनियाच्या जंतूंवर आम्ही लस करत होतो. म्हणजे मी करत होतो, अशी माझी समजूत. उंदरांना लस टोचणं, मग जंतू देणं, रोज वजनं घेणं, हे सगळं त्या करायच्या.

एकदा लस दिलेले सगळे उंदीर वाचले. मी संचालकांना फोन केला, हिमायतनगरहून पेढे आणले, सत्काराला उत्तर देण्याचं भाषणही मनात जुळवलं. नलूताईंनी पेढ्याला हात लावला नाही.

“हौ, वाचले. पण लस न देता नुसते जंतू दिलेले भी वाचले ना, साहेब. मस्त खातायत.”

जंतूच मेलेले होते. त्यांची गोठवलेली कुपी वितळवताना मीच ती नको तितक्या गरम पाण्यात ठेवली होती.

“हे आजच सांगायला हवं का?” मी कुजबुजलो.

“नक्को सांगू म्हणता? उद्या ही लस माणसांना टोचायची आहे ना?”

मी संचालकांना पुन्हा फोन केला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण.

निवृत्तीनंतर वर्षभरातच नलूताईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांच्या मुलीनं तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. एकेका औषधापुढे ‘निरुपयोगी’ लिहिलेलं. जंतू आमच्या ओळखीचाच होता.

“काका, तुम्ही यावरचीच लस करता ना? कधी येणार?”

मी चाचण्यांचे टप्पे समजावू लागलो. वाक्यं लांबत गेली. नलूताईंनी तोंडावरचा मास्क जरा सरकवला.

“घाई नक्को. नीट करा.”

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

लस अजून झालेली नाही. उशीर का, असं कुणी विचारलं की पूर्वी मी तासभर बोलायचो. आता “नीट करतोय” एवढंच म्हणतो, आणि ते खरं आहे का, हे बघायला परत आत जातो.