लाईनमन काकांची पाखरं

"आधी भिऊन घ्या, सर. मंग हात लावा."

मंठ्याला कॉलेजात नोकरी लागल्यावर मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो, त्या लाईनमन काकांचं मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. मी इस्त्रीची पिन ओढत होतो. वायर एका जागी उघडी पडली होती. हातात असून ती मला दिसली नव्हती. त्यांना दारातून दिसली.

आयुष्यभर ते विजेच्या खांबांवर चढले. असं काम केलेली माणसं पुढे गावात छाती काढून फिरतात, तुम्हीही पाहिली असतील. काकांचं उलटं होतं. त्यांना कशाचीही भीती वाटे आणि ते ती कुणापुढेही बोलून दाखवत. रस्ता ओलांडायचा असला तरी माझा दंड धरून म्हणत, "थांबा जरा, भ्याव वाटून राह्यलंय."

एकदा त्यांनी कामावरच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. लाईन बंद आहे असं कुणीतरी म्हणालं आणि तो खांबावर चढला. "बराबर तपासून घेतलं न्हाई त्यानं. त्या दिवशी त्याला भ्याव वाटलं न्हाई, एवढंच झालं." काका तेव्हा खाली उभे होते.

रिटायर झाल्यावर त्यांनी जालन्याहून झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आणल्या. चिमणीहून लहान पाखरं, लाल चोचीची. नराच्या गालावर नारिंगी डाग. अंगणात पत्र्याखाली त्यांनी जाळीची खोलीच उभी केली, माणूस वाकून आत जाईल एवढी. आत फांद्या बांधल्या, फांद्यांना लहान मडकी टांगली, घरट्यासाठी नारळाचा काथ्या पिंजून ठेवला. वर्षाभरात चाराची वीस पाखरं झाली.

भित्र्या माणसाने भित्रं पाखरू पाळलं होतं. अनोळखी रंग दिसला की फिंच जाळीवर धडका घेतात, म्हणून दाणापाणी करताना काका रोज एकच विटका खाकी शर्ट घालत. दिवाळीत फटाके सुरू झाले की जाळीवर गोधड्या टाकून शेजारी स्टुलावर बसत. "यांचं काळीज मुगाएवढं, सर. आवाजानंच थांबतंय." मडक्यात अंडी असली की त्यांना जेवण जात नसे. "माझ्या बाळंतपणात बी इतके घाबरले न्हाईत हे," काकू मला सांगत आणि ते ऐकून काका ओशाळून हसत.

पावसाळ्यातला रविवार होता. दुपारी काकूंनी खालून हाक मारली.

"सर, खाली येता का? पाखरं बोलत न्हाईत."

फिंच दिवसभर बोलतात. रबरी खेळणं दाबल्यासारखा बारीक आवाज; सवयीने मला तो ऐकूही येईनासा झाला होता. जिना उतरताना तो नाही हे कळलं. सगळी पाखरं वरच्या कोपऱ्यात जाळीला चिकटली होती. खाली, दाण्याच्या ताटलीमागे, नाग होता. दाराखालच्या फटीतून आत आला असावा. दोन पाखरं गिळून त्याचं अंग फुगलं होतं आणि आता त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येत नव्हतं.

सर्पमित्राला फोन लावला. तो जालन्यात होता. दीड तास तरी लागेल म्हणाला.

काका ओट्यावर बसले होते.

"खालच्या मडक्यात चार पिलं हायेत," ते म्हणाले. "मादी उठून न्हाई राह्यली. अन् तो तिकडंच सरकून राह्यलाय."

"काका, आत जायचं नाही."

"न्हाई जात."

काकूंनी पाणी आणलं. ते प्याले नाहीत. बराच वेळ नागाकडे बघत राहिले. मग उठले, घरातून नोकरीतले जुने रबरी हातमोजे आणले आणि चढवू लागले.

"रबरातून दात जातो, काका."

"जातो. म्हाईत हाय."

काकू तोंडात पदर धरून भिंतीला टेकल्या. काका वाकून आत शिरले. दार मी धरलं होतं. नागाने फणा काढला तसे ते जागीच थांबले. पाठीला इतका घाम की शर्ट अंगाला चिकटलेला. माझ्या हातात दाराची कडी वाजत होती.

"कडी वाजू देऊ नका," ते अगदी हळू म्हणाले.

मी दुसऱ्या हाताने कडी आवळून धरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. फणा खाली गेला. काकांनी मडकं काढलं, त्याच्या तोंडावर तळवा ठेवला आणि पाठ न वळवता एकेक पाऊल मागे येत बाहेर पडले. मडकं काकूंच्या हातात दिलं, अंगणाच्या कडेला गेले आणि ओकले.

पुढे सर्पमित्राने नाग नेला. चारातली तीन पिलं जगली.

दोन दिवसांनी मी विचारलं, "इतकी भीती वाटत होती, तर गेलात कशाला?"

"जायाचंच होतं, सर. न जायाचं असतं तं कशाला इतका भ्यालो असतो?"

पुढच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यातून ते वाचले नाहीत. काकूंनी पाखरं घनसावंगीच्या एका शिक्षकांना दिली आणि स्वतः लेकीकडे राहायला गेल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मी जालन्याच्या दवाखान्यात गेलो होतो. काकांनी माझं मनगट धरलं.

"काही होणार नाही, काका," मी म्हणालो.

"असं नका म्हणू. नुसतं बसा."

मी बसलो. स्ट्रेचर आलं तेव्हा वॉर्डबॉयने त्यांची बोटं एकेक करून माझ्या हातावरून सोडवली. बाहेर बाकावर काकू होत्या. माझ्या मनगटावर चार लाल वळ उठले होते. त्यांना दिसू नयेत म्हणून मी बाही खाली ओढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.