पडलं नाही, पडला

वकीलबाईंना कुणाचंही बोलणं मधेच तोडायची सवय होती. समोर पोलीस असो, ठेकेदार असो की कोर्टाबाहेरचा चहावाला, वाक्यात ‘लेबर’ हा शब्द आला की त्यांचा हात वर जायचा. “लेबर आलं, लेबर गेलं, लेबर पडलं! पातेलं आहे का ते? नाव सांगा.” लोक वैतागायचे. वडगावच्या कोर्टात काही जण पाठीमागे त्यांना ‘व्याकरणबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, थोडं आवडतही असावं.

मी त्यांच्याकडे कॉलेजच्या समाजसेवेचे तास भरायला गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. काळा कोट दिसला तरी माझा आवाज बसायचा. बाई तळेगावच्या. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांमध्ये त्यांचं नाव होतं आणि बाहेरून कामाला आलेल्या मजुरांची प्रकरणं त्या मुद्दाम मागून घेत. पहिल्या दिवशी त्यांनी घरची चौकशी केली. मी म्हटलं, “टाकव्याला शेती आहे. शिवाय खोल्या बांधल्यात, त्यात लेबर राहतं.”

हात वर. “कोण राहतं?”

मला एकही नाव सांगता येईना. संध्याकाळी घरी विचारलं तर वडील म्हणाले, “त्यांची नावं घिऊन काय करायचंय तुला? आज हितं, उद्या तितं. लेबरच हाय ते.” वडील वाईट नाहीत. आमच्याकडे सगळेच असं बोलतात. तरी त्या दिवशी प्रथमच मला त्या ‘ते’चा राग आला.

पुढे थोडा धीर आल्यावर मी एक शंका काढली. आठवडाभर मनात घोळवून मगच विचारली. “बाई, ‘माणसं’ हा शब्दही नपुंसकलिंगीच ना? माणसं आली, माणसं गेली.”

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारचे टायपिस्ट वळून बघायला लागले. “अगं, म्हणूनच तर नाव विचारायचं! नाव घेतलं की ‘तो’ म्हणावं लागतं, ‘ती’ म्हणावं लागतं. आणि एकदा ‘तो’ म्हटलं की पुढचं खोटं बोलायला जड जातं.”

हे मला त्यांचं नुसतं बोलणं वाटलं होतं. सुखदेवच्या वेळी ते डोळ्यांनी पाहिलं.

सुखदेव झारखंडचा. लोणावळ्यात डोंगराच्या उतारावर एका बंगल्याचं काम चाललं होतं, तिथे तो परांचीवरून पडला. पाय आणि कंबर, दोन्ही मोडली. त्याच्या बायकोने, फुलमतीने, कुणाकडून तरी बाईंना फोन लावला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दारात जीप उभी होती. ठेकेदार त्याला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवणार होता. एकदा तो गावी गेला की ना उपचार, ना तक्रार. डॉक्टर सोडायला तयार नव्हते, पण फुलमती एकटी किती वेळ अडवणार?

“मॅडम, आमचं न्हाईच ते,” ठेकेदार हसत म्हणाला. “फिराया आलतं. सेल्फी काढताना कड्यावरनं पडलं. आमी आपलं माणुसकी म्हणून गावी पाठवतोय.”

लोणावळ्यात हे सहज खपलं असतं. इथे कड्यावरून पडणारे पर्यटकच असतात, असं सगळ्यांना वाटतं. आणि ज्याला पर्यटक ठरवत होते, त्याने कामावरच्या पत्र्याच्या खोलीपलीकडे लोणावळा पाहिलाच नव्हता. तो खाटेवर पडून म्हणत होता, “दीदी, हम घूमने कब गए?” मला संताप आला होता. बोलले मात्र काहीच नाही.

बाईंनी हात वर केला. “काय पडलं?”

“लेबर पडलं.”

“पातेलं पडतं. हा कोण आहे?”

“आता काय शाळा घेता का, मॅडम?”

“घेते. म्हणा, कोण पडला?”

नर्स हसली. खाटांवरचे पेशंट बघायला लागले. ठेकेदाराचे कान लाल झाले. “बरं, सुखदेव! सुखदेव पडला, परांचीवरनं पडला, दोरी बांध म्हणलं तर ऐकत नव्हता म्हणून पडला! झालं समाधान?”

“झालं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “डॉक्टर, ऐकलंत ना?”

जीप रिकामीच परत गेली. सुखदेवचं ऑपरेशन झालं. आता तो काठी घेऊन चालतो, तळेगावात एका सोसायटीच्या गेटवर राखणीला बसतो. बंगला कधीच पुरा झाला. शनिवार-रविवार तिथे गाणी वाजतात, पोहायच्या तलावात मुलं उड्या मारतात. नुकसानभरपाईचा दावा मात्र अजून चालूच आहे, कारण ‘ते रागाच्या भरात बोललो,’ असं ठेकेदार आता म्हणतो.

बाई गेल्या वर्षी गेल्या. आजार त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. मला बोलायला शिकवायचं राहूनच गेलं त्यांचं, असं मला तेव्हा वाटलं.

परवा सुखदेवची तारीख होती. आता एक तरुण वकील त्याचं काम बघतात. मी मागच्या बाकावर सुखदेव आणि फुलमतीजवळ बसले होते. ठेकेदाराचे वकील उभे राहिले. “साहेब, ते लेबर त्या दिवशी कामावर नव्हतंच. ते फिरायला गेलं होतं.”

माझा हात वर गेला. मी ठरवलं नव्हतं.

“काय आहे?” साहेबांनी विचारलं.

उभी राहिले. “साहेब, गेलं नाही. त्याचं नाव सुखदेव आहे. आणि तो गेला नव्हता.”

साहेबांनी मला खाली बसायला सांगितलं, पुन्हा मधे बोलू नका म्हणाले. मी बसले. ठेकेदाराच्या वकिलांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.

“तो…” ते म्हणाले, आणि थांबले.