एकविसाव्या पानावरची खूण

व्हेलिकाचे हात स्वच्छ होते, आणि एवढ्यावरूनच ब्रेझ्ना गावातल्या निम्म्या बायकांच्या पोटात दुखायचं. तंबाखूच्या गावात बाईचे हात काळेच असायचे. पहाटे खुडलेली पानं दुपारपर्यंत लांब सुईनं दोऱ्यात ओवायची, आणि त्यांचा चीक असा हट्टी, की कच्चा हिरवा टोमॅटो चोळल्याशिवाय जात नाही. चोळला तरी नखांत उरतोच. नेव्हेनाच्या छपरीत सहाजणी ओवायच्या आणि सातवी, व्हेलिका, वाचायची. चिकट हातांनी पुस्तक कसं धरणार? म्हणून एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी रोज एकेक माळ तिच्या नावानं टांगायची, असा तिथला रिवाज. अशी तीस वर्षं गेली. नवरा वारला, मुलगी झ्लात्का जर्मनीला गेली, पण दारातल्या उजेडातली व्हेलिकाची खुर्ची जागची हलली नाही. चुकून कोणी बसलंच, तर ती तोंडावर सांगायची, "ऊठ गं बाई, ही तुझ्या ढुंगणासाठी नाही."

मग डोळे गेले. म्हणजे सगळे नाही, कडेकडेचं दिसायचं. नेमकं समोरचं तेवढं पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाला, वयाचं आहे, चष्म्यानं काही होणार नाही. "वय तुझ्या बापाचं!" असं म्हणून ती उठली, बसनं घरी आली आणि हे तिनं कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी ईस्टरला झ्लात्काकडून पार्सल आलं. आत ई-बुक रीडर. पाठ्यपुस्तकाएवढा, वजनाला पावशेर. फोनवर मुलगी म्हणाली, "आई, दोनशे पुस्तकं भरलीत. अक्षर हवं तेवढं मोठं कर. एकदा चार्ज केलं की महिना बघायला नको."

"पुस्तक चार्ज करायचं असतं होय? मग गाईला पेट्रोल पाज," व्हेलिका म्हणाली आणि तिनं तो मोज्यांच्या खणात टाकला.

पण खण रोज उघडावा लागतो ना! एके दिवशी मोजे काढता काढता बोट लागलं आणि तो उजळला. तिनं अक्षर वाढवलं, आणखी वाढवलं, पार पावट्याच्या दाण्याएवढं केलं. मान थोडी तिरकी धरली, आणि एक शब्द दिसला. मग त्याच्या शेजारचा. चुलीवरचं सूप करपलं, शेजारीण दार वाजवून गेली, व्हेलिका खणापाशीच उभी राहून वाचत होती आणि रडत होती.

जुलैत ओवणी सुरू झाली तेव्हा ती रीडर काखोटीला मारूनच छपरीत आली. बायकांनी त्याचं नाव लगेच पाटी ठेवलं. ग्युर्गाच्या तर अंगाचा तिळपापड झाला. ग्युर्गा म्हणजे व्हेलिकाच्याच वयाची, छपरीतली सगळ्यांत भरभर ओवणारी आणि सगळ्यांत तिखट जिभेची. तिची सून शाळेत शिक्षिका, आणि त्या खुर्चीवर सुनेला बसवायचं हे ग्युर्गाच्या मनात केव्हापासून होतं.

"पुस्तक तू वाचलंस की मी घरी न्यायचे, मग नेव्हेना न्यायची," ग्युर्गा म्हणाली. "आता काय नेऊ? पाटी दिलीस तर अख्खं कपाट गेलं, आणि नाही दिलीस तर आम्ही बसलो टाळ्या वाजवत."

"माझ्या डोळ्यांना पुरतं कपाट ते. तू वाचनालयात जा, पाय आहेत ना?"

"आणि एकविसावं पान कुठंय त्यात?"

व्हेलिकानं पाटीच्या काचेवरून नुसतं बोट फिरवलं. ब्रेझ्नाच्या वाचनालयात प्रत्येक वाचणारी एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं बारीकशी खूण करते, म्हणजे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येत नाही. व्हेलिकाची खूण कोंबडीचा पाय, ग्युर्गाची सुई, नेव्हेनाची चांदणी. कुणी काय वाचलं हे खुणांवरून अख्ख्या गावाला कळायचं. पाटीत अक्षर मोठं केलं की पानांचा हिशेबच बदलायचा. एकविसावं पान येईस्तोवर गोष्टीतल्या माणसाची अंघोळसुद्धा झालेली नसायची. आणि पेन्सिल काचेवर चालणार कशी?

तरी तिनं वाचायला घेतलं. बायका पहिल्या दिवशी फिदीफिदी हसल्या, दुसऱ्या दिवशी ऐकू लागल्या, तिसऱ्या दिवशी सुया हळू झाल्या. गोष्टीतली बहीण वीस वर्षांनी भावाच्या घरी पोहोचली होती. भाऊ जिवंत आहे की नाही, कोणाला माहीत नव्हतं. तिनं दार वाजवलं. आतून पावलं ऐकू आली. कडी निघाली. व्हेलिकानं पान उलटलं आणि पाटी विझली.

दोन दिवस ती पाटी काचेच्या कोपऱ्यात चार्ज करा, चार्ज करा म्हणून सांगत होती. पण गोष्टीचं अक्षर पावट्याएवढं असलं तरी इशाऱ्याचं मोहरीएवढंच होतं. व्हेलिकाला ते दिसणार कुठून?

"मेली!" ग्युर्गा खदाखदा हसली. "कागदाचं पुस्तक कधी मध्येच मेलंय का गं? पुरे झालं आता. उद्यापासून माझी सून वाचेल, तिचे डोळे शाबूत आहेत. तू ये आमच्यात आणि सुई घे."

सुई! समोरचं पान दिसत नाही त्या बाईनं सुई घ्यायची, म्हणजे बोटं भोसकून घ्यायची आणि पाचव्या दिवशी घरी बसायचं. हे व्हेलिकाला कळलं आणि ग्युर्गालाही कळत होतं.

"अगं, पुढचं तोंडी सांग ना," नेव्हेना मध्ये पडली. "जमेल तुला."

"जमेलच," ग्युर्गा म्हणाली. "गेल्या वर्षी अख्खा उन्हाळा तेच तर केलं हिनं. ते गिरणीवाल्याचं पुस्तक मी हिवाळ्यात घरी आणलं. एकविसाव्या पानावर कोंबडीचा पाय नाही! तीस वर्षांत पहिल्यांदा. मग मुद्दाम वाचलं. त्यातली गिरणीवाल्याची बायको नदी ओलांडून पळून जात नाही, बायांनो. साठाव्या पानावर तापानं मरते."

सुया थांबल्या. त्या बायकोनं नदी ओलांडली तेव्हा सहाच्या सहाजणी रडल्या होत्या.

व्हेलिका उठली. तिचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही.

"होय, खोटं वाचलं," ती म्हणाली. "एक अक्षर दिसत नव्हतं. पानं उलटत होते आणि मनचं सांगत होते. पण खूण केली नाही. न वाचलेल्या पुस्तकावर मी खूण करत नाही, मेले तरी."

"अगं, पण तुझीच गोष्ट बरी होती," नेव्हेना म्हणाली. "आताही सांग. दार कोण उघडतं?"

"नाही सांगणार! तुम्हाला गोष्ट मिळाली, मला काय मिळालं? पुढं काय होणार ते मीच ठरवायचं, मग मला कसली उत्सुकता आणि कसलं काय! एक वर्ष मी उपाशी होते. ते दार कोण उघडतं ते मला माहीत नाही, आणि मला ते कळायला हवंय. खुर्ची न्या, माळा न्या, सुनेला बसवा नाहीतर तिच्या आईला बसवा. पण हे पुस्तक मी वाचून संपवणार आणि ह्याच पाटीवर वाचणार. आहे कोणाची हिंमत, तर घ्या हातातून!"

ग्युर्गानं ओवत असलेली माळ संपवली, दोऱ्याला गाठ मारली आणि उठली.

"नेव्हेना, डुक्कर कापताना दिव्याला लावता ती लांब वायर कुठंय? आणि तुझ्या फोनचा चार्जर आण," ती म्हणाली. "बघता काय माझ्या तोंडाकडे? मलासुद्धा कळायला हवंय."

वायर स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून छपरीत आली. खुर्ची जिथं होती तिथंच राहिली. पाटी जागी झाली, आणि दार भावानंच उघडलं. पण त्यानं बहिणीला ओळखलं नाही. व्हेलिकाचा आवाज तिथं फुटला, कारण हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

शनिवारी पुस्तक संपलं. व्हेलिकानं नेव्हेनाच्या हातातली सुई मागून घेतली, पाटी पालथी केली आणि चाचपडत मागच्या बाजूला तीन रेघा ओरखडल्या. कोंबडीचा पाय. झ्लात्का फोनवर बोंबलणार होती, बोंबलू दे.

"आण इकडे," ग्युर्गानं हात पुढं केला. "माझीही खूण करते."

"तू ऐकलंस. वाचलं नाहीस."

"मग वाचते. दे."

"दोनशे पुस्तकं जातील तुझ्याबरोबर. मी काय भिंत वाचू?"

"सोमवारी आणते. चार्ज करून आणते, बाई."

व्हेलिकानं पाटी छातीशी धरली. मग टोपलीतला एक कच्चा हिरवा टोमॅटो उचलून तिनं ग्युर्गाच्या ओच्यात फेकला.

"आधी हात धू," ती म्हणाली.