सुईणीची सीलबंद पेटी

विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार झाला होता. कोणावर तुटून पडायचं ते पहिल्या ओळीत ठरायचं, पुरावे मागून गोळा व्हायचे. त्याच दिवसांत परभणीच्या एका डॉक्टरांनी मला काम दिलं. सरकारनं गावोगावच्या सुइणींना प्रशिक्षण दिलं होतं. त्यानं बाळंतपणं खरंच सुधारली का, हे विचारून फॉर्म भरायचे. मला सरकारविरुद्ध मसाला हवाच होता. लगेच हो म्हणालो.

चुडावा स्टेशनला उतरून तासभर चाललं की माझ्या वाट्याचं गाव. ज्या घरांत तिथल्या सुईणीच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या घरांतली पोरंही तिच्याच हातांवर जन्मलेली. मी प्रशिक्षणात मिळालेली पेटी बघायला मागितली. तिनं ती भिंतीतल्या देवळीतून काढली, पदरानं पुसली. आत ब्लेड, दोरा, साबण असल्याचं झाकणावर छापलेलं. चिकटपट्टीसुद्धा जागची हललेली नव्हती.

"मावशी, उघडलीच न्हाई?"

"उघडली तर मळंल की. नर्सबाई तपासाय येती. मागल्या बारीला म्हणली, समद्यांत तुझीच पेटी लय नेटकी."

दारात ज्वारी निवडत बसलेली तिची सून हसली. तिला आठवा महिना लागला होता. "आमच्या आत्याबाईनं महालक्ष्म्यावानी बसविलीय पेटी. निस्ती आरती करायची ऱ्हायलीय."

"मग नाळ कशानं कापता?"

"इळ्यानं. मंग काय दातानं?"

आम्ही तिघंही हसलो. विळा भिंतीला अडकवलेला होता, पात्यावर गवताचा हिरवा डाग. मी सुईणीचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. "लिही बाबा, लिही," ती म्हणाली. खूश होती.

तिथंच सांगायला हवं होतं, मावशी, पेटी फोड, या सुनेसाठीच वापर. विळ्यानं बाळाला धनुर्वात होतो हे मला माहीत होतं. फॉर्मच्या मागेच छापलेलं होतं. पण मनात आलं, आज सांगितलं तर पुढच्या आठवड्यात पेटी उघडी दिसेल, मग माझ्या पत्रकाचा पुरावा कुठला? इतका साफ विचार होता तो. घाई होती, विसरलो, असलं काही नाही. परतीच्या गाडीत मथळाही सुचला.

पत्रक झणझणीत झालं. दोन महिन्यांनी छापून आल्यावर गठ्ठा घेऊन मी पुन्हा त्या गावात गेलो. सुईण दारातच बसली होती. सुनेला मुलगा झाला होता. आठव्या दिवशी त्यानं दूध तोडलं, जबडा मिटला, अंग लाकडासारखं झालं. गेला.

"वाच की, काय लिवलंस ते," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मी सरकारला झोडपत झोडपत विळ्यानं धनुर्वात होतो या ओळीपर्यंत आलो आणि पत्रक खाली केलं.

"इळ्यानंच गेलं व्हय लेकरू?"

मी मान डोलावली.

"अन् तुला तवाच ठावं व्हतं?"

आत सून भांडी घासत होती. तिनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, घडी घातली आणि परत दिलं. "तिच्याम्होरं वाचू नगंस. तिला रोज माझ्याच हातचं खायचं हाय."

मग उठली, पेटी खाली काढली आणि नखानं चिकटपट्टी खरवडायला लागली. वरल्या आळीतल्या एका बाईचे दिवस भरले होते.

त्या गावात पत्रक वाटलं नाही. बाकीच्या गावांत वाटलं, आणि कौतुकही झालं. चुडाव्याच्या फलाटावर मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. सरकार, आरोग्यखातं, जात, एकालाही सोडलं नव्हतं. नाळ नव्या ब्लेडनं कापा, एवढी एक ओळ मात्र त्यात कुठंच नव्हती. हातानं लिहून घालता आली असती. छापून झालंय आता, असं मी स्वतःला सांगितलं आणि गाडीत चढलो.