‘येतो’ म्हणेपर्यंत

आमच्या विमलकाकीच्या घरातून ‘जातो’ म्हणून कोणी बाहेर पडायची सोय नव्हती. जाताना ‘येतो’ म्हणायचं हे सगळ्याच घरांत असतं, पण काकीनं त्याचा कायदा करून टाकला होता. तिचा नवरा, वामनकाका, एका सकाळी भांडून ‘जातो’ म्हणाला, खाडीवर गेला, आणि नुसतं त्याचं होडकं परत आलं. तेव्हापासून निघणाऱ्यानं ‘येतो’ म्हणायचं, आतल्यानं ‘या’ म्हणायचं. बंदरासाठी शेती गेली, भरपाईच्या पैशातून जासईत पत्र्याच्या घराचा दोनमजली बंगला झाला, दाराला पॉलिश आलं. त्या दारातला कायदा तोच राहिला.

नातीला, प्रियाला, तिनंच तो शिकवला. पोर सात वर्षांची झाली तेव्हा काकी पाहुण्यांसमोर मिरवायची, की बघा, आमची प्रिया कुणाला असं-तसं जाऊ देत नाही. प्रियाचा बाप हरेश कंटेनर यार्डात कामाला. तो निघाला की ही दारात उभी. पुढे पुढे एकदाच ‘येतो’ म्हणून भागेना. त्यानं तिच्याकडे बघून म्हटलं नाही, मध्येच ट्रेलरचा भोंगा वाजला, तिचं ‘या’ अर्धवट राहिलं, की हरेशनं पायरीवरून परत घरात यायचं आणि पुन्हा निघायचं. रोज उशीर, रोज सुपरवायझरची बोलणी. काकीला कौतुक, बापावर किती जीव आहे पोरीचा. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, लाडानं शेफारलीय. शाळेतल्या बाईंनी कळवलं की अभ्यासात लक्ष नाही, नुसते ओठ हलतात. काकी म्हणाली, नामस्मरण करत असेल. या बाईपुढे काय बोलायचं!

पोरीचे ओठ मात्र फुटले होते. जेवताना, झोपताना ती पुटपुटत असायची, ‘या, या.’

एका सकाळी हरेश वैतागला आणि मागच्या दारानं सटकला. स्कूटरचा आवाज ऐकून प्रिया अनवाणी धावली ती थेट उरण रस्त्यावर, ट्रेलरच्या वर्दळीत. एका ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. उचलून घरी आणली तर एवढंच म्हणत होती, बाबांना परत बोलवा.

काकी भगताकडे न्यायला निघाली. सून जन्मात पहिल्यांदा सासूला आडवी गेली आणि पोरीला पनवेलच्या मुलांच्या डॉक्टर मरियम यांच्याकडे घेऊन गेली. काकीही मागोमाग गेली.

डॉक्टरांनी मोठ्यांचं थोडं ऐकलं आणि मग प्रियालाच विचारलं, “हे सगळं करायला तुला आवडतं?”

घरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

“नाय,” प्रिया म्हणाली. “दमते मी. पन नाय केलं तर बाबा मरतील. आजोबा मेले तसे.”

काकीनं मान खाली घातली ती वर केली नाही. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या शिकवण्यानं हे झालं असं समजू नका. हा आजार आहे, भीतीपोटी तेच तेच करायला लावणारा, मंत्रचळ म्हणतात तो. लहान मुलांनाही होतो, पण मोठ्यांना त्यात कधी संस्कार दिसतात, कधी हट्ट. आतली भीती दिसत नाही. तुम्ही ‘येतो’ म्हणता तेव्हा तिला घटकाभर बरं वाटतं, आणि भीती आणखी बळावते.

त्यांनी वाशीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मारायचं नाही, हसायचं नाही, हळूहळू सोडवायचं, असं ठरलं. पहिली पायरी काकीची होती. काही न बोलता कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आणि परत यायचं.

काकी पिशवी घेऊन दाराशी आली आणि तिचाच पाय उचलेना. इतकी वर्षं तीही त्याच दारात अडकली होती. मला तिचा कायम राग यायचा, त्या दिवशी नाही आला. शेवटी ती निघाली. आत प्रिया आईच्या मिठीत तडफडत होती, “आजी, येते म्हन, एकदाच म्हन.” काकी कुंपणाच्या भिंतीला धरून उभी राहिली, पदर तोंडात कोंबून. मग दुकानात गेली आणि साखर घेऊन आली.

प्रियानं तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं. रडून तिचा आवाज बसला होता.

“उद्या पन अशीच जाशील?”

काकीच्या ओठांवर ‘जाऊन येईन’ आलं होतं, ते तिनं मागे घेतलं.

“जाईन,” ती म्हणाली.