शंभर व्होल्टचं जपानी भंगार

जपानमध्ये काय पाहिलंत, असं मला कुणी विचारलं की मी सांगते, नवऱ्याची पाठ.

दहा दिवसांच्या सहलीतले तीन दिवस मी फक्त तीच पाहिली. निळ्या चौकड्यांचा शर्ट, त्यावर घामाचा नकाशा आणि मान कुठल्या तरी कपाटात खुपसलेली. तिथे म्हणे तेव्हा चेरी फुलली होती. फुलली असेल! आम्ही होतो त्या गल्लीत सात-सात मजली दुकानं होती आणि सातही मजल्यांवर व्हिडिओ गेम. तेही नवे नाहीत, जुने! लोकांनी खेळून, कंटाळून, टाकून दिलेले! पिवळे पडलेले ते डबे प्लास्टिकमध्ये गुंडाळून असे मांडले होते, की सराफसुद्धा पाटल्या इतक्या प्रेमाने मांडत नाही.

"शिरीष, पाय दुखताहेत माझे."

"पाचच मिनिटं. वरचा मजला राहिलाय."

"मघाशीपण वरचाच राहिला होता!"

"तो खालचा वरचा होता गं. हा वरचा वरचा."

शिरीष म्हणजे माझा नवरा, वय बेचाळीस. कतारमध्ये वर्ल्ड कपसाठी जी स्टेडियमं उभी राहत होती, त्यांतल्या एकाच्या गारव्याचं काम त्याच्याकडे होतं. हजारो माणसं उघड्यावर बसली तरी त्यांना थंड वाटलं पाहिजे, ही ह्याची जबाबदारी. (दोह्याच्या अल सद्द भागातल्या आमच्या बेडरूमचा एसी मात्र बादलीत गळायचा. ती बादली ओतणं ही माझी जबाबदारी.) लहानपणी नाशिकला शेजारच्या बंगल्यातल्या मुलाकडे व्हिडिओ गेम होता आणि तो ह्याला नुसता बघू द्यायचा, हात लावू द्यायचा नाही. हे दुःख शिरीषने तीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं. त्याचा सूड उगवायला त्याने जपान निवडलं आणि सोबत मला नेलं!

मला एक बिडाची चहाची किटली हवी होती. फक्त एक किटली. ती आली नाही, कारण बॅगेत जागा उरली नाही. जागा कशाने भरली? एक जुना गेमचा डबा, दोन रिमोट आणि चौदा कॅसेटी. त्या कॅसेटींवर सगळं जपानीत लिहिलेलं. आतला खेळ बेडकाचा आहे की घोड्याचा, हे घरी जाऊन लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

दोह्याला पोचलो त्याच संध्याकाळी शिरीषने डबा उघडला. आमच्या सपाट, नव्या टीव्हीला त्याची वायर बसेना. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"ह्याला जुना टीव्ही लागेल," शिरीष म्हणाला. "मागून फुगीर असलेला."

"मागून फुगीर असलेलं ह्या घरात एकच आहे, आणि ते सोफ्यावर बसलंय," मी म्हणाले.

पण माणूस हट्टाला पेटला होता. पुढच्या शुक्रवारी आम्ही फुगीर टीव्ही शोधायला अल मन्सूराला निघालो. अल सद्दहून अल मन्सूरा म्हणजे गाडीने पंधरा मिनिटं. पण तेव्हा वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा खणून ठेवलं होतं. काल जिथे रस्ता होता तिथे आज पत्रे, जिथे पत्रे होते तिथे खड्डा, आणि आपण सरळ जायचं म्हटलं की बाण डावीकडे. आम्ही एकाच चौकात चार वेळा आलो. चौथ्या वेळी तिथला झेंडेवाला मला ओळखीचं हसला. मी अशी भडकले की काच खाली करून त्याला मराठीत सुनावलं, "तुम्हीच खेळा ना मग फुटबॉल ह्या खड्ड्यात!" तो आभार मानून म्हणाला, "शुक्रन, मॅडम."

शेवटी एका दुरुस्तीच्या दुकानात तो टीव्ही मिळाला. वजन माझ्याएवढं. (किती ते विचारू नका.) दुकानदार जाताना म्हणाला, "भाई, जपान का माल है ना? सौ व्होल्ट का होगा. सीधा मत लगाना, जल जाएगा." आणि त्याने वर एक लोखंडी ठोकळा दिला. भिंतीतली दोनशे चाळीस व्होल्टची वीज त्यातून शंभर होऊन बाहेर पडायची. विटेएवढा आकार, दगडाएवढं वजन, आणि चालू असला की डासासारखा गुणगुणायचा.

आता माझा दिवाणखाना बघा. एका भिंतीला सपाट टीव्ही, समोर फुगीर टीव्ही, मधे वायरींचं जाळं आणि बरोबर वाटेत तो ठोकळा. शिरीष रोज कामावरून आला की पाय न धुता जमिनीवर बसायचा, कॅसेटमध्ये फुंकर मारायचा आणि हेल्मेट घातलेल्या एका बेडकाला उड्या मारायला लावायचा. आमचा अकरा वर्षांचा ईशान शेजारी बसून "डॅड, जंप! डॅड, यू आर सो स्लो!" करत ओरडायचा. आणि मी? मी रोज न चुकता भांडायचे. लाज नाही वाटत? ह्या वयात? बेडूक? बेचाळीस वर्षांचा घोडा बेडूक खेळतो!

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

एकदा सकाळी दोघं गेल्यावर मी केर काढत होते. तो डबा पुसता पुसता चुकून चालू झाला. (बरं, चुकून नाही.) म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं. बेडूक पहिल्याच उडीत पाण्यात बुडून मेला. मला भयंकर राग आला. मी परत खेळले, तो परत मेला. दुपारी एक वाजता भान आलं तेव्हा केरसुणी माझ्या मांडीवर होती आणि कुकर लावायचा राहिला होता.

त्यानंतर रोज. शिरीषची गाडी वळणाआड गेली की मी बसायचे. एकदा ईशान शाळेतून लवकर आला आणि त्याने मला रंगेहाथ पकडलं. मी त्याला देवाची शपथ घातली. त्याने एक शोर्मा मागितला. सौदा झाला. आणि संध्याकाळी शिरीष खेळायला बसला की मी दुप्पट आवाजात भांडायचे, कारण तो इतका वाईट खेळायचा की बघवायचं नाही, आणि सांगायचीही सोय नाही!

जून उजाडला. आमच्या इमारतीत आगीचा नवा अलार्म बसला होता. तो इतका हळवा होता, की दुसऱ्या मजल्यावरच्या जोगळेकर वहिनींनी लाल मिरचीची फोडणी दिली की बोंबलायचा. दोनदा सगळी इमारत रिकामी झाली. मग मालकाने लिफ्टमध्ये कागद चिकटवला : यापुढे ज्याच्या घरातून अलार्म वाजेल, त्याला घर खाली करावं लागेल. मी तो कागद मोठ्याने वाचून जोगळेकर वहिनींना म्हटलं होतं, "बरोबर आहे. बेजबाबदार लोकांना धडा मिळायलाच हवा." वहिनी त्यानंतर आठवडाभर उकडलेल्या भाज्या करत होत्या.

आणि मग तो शुक्रवार. आदल्या संध्याकाळी माझ्या पायाचा अंगठा त्या ठोकळ्यावर आपटला होता. मी आकाशपाताळ एक केलं. "उद्या सकाळी ही वीट मला घरात दिसता कामा नये! नाहीतर तू तरी राहा, नाहीतर मी!" शिरीष गरीब माणूस. सकाळी ईशानला पोहायला न्यायला निघाला तेव्हा ठोकळा उचलून गाडीच्या डिकीतून घेऊन गेला.

दोघं गेले. मी लगबगीने डबा मांडला आणि पाहते तर ठोकळा नाही! मीच हाकललेला! हातात मोजून दीड तास, आणि आदल्या दिवशी मी आठव्या लेव्हलला पोचलेली.

आता ऐका. मी नाशिकला सहा वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय. विद्युतधारा हे माझं आवडतं प्रकरण. दर वर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत व्होल्ट लिहून पोरांना दम भरायचे. आणि त्या सकाळी, ह्या सगळ्या विद्वत्तेनिशी, मी सहलीतला पिनांचा अडॅप्टर शोधला, जपानी वायर त्यात खोचली, तो भिंतीत खोचला आणि म्हटलं, बसतंय ना? मग चालतंय. तो ठोकळा नुसता गुणगुणतो तर काय!

बेडूक दिसला. साधारण चार सेकंद. मग फट्ट असा आवाज झाला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि वायरीच्या टोकाच्या डबीतून काळा धूर निघाला. मी बटण बंद केलं, पदराने धूर हाकलला. (गाऊनला पदर नसतो हे नंतर लक्षात आलं.) अलार्मला तेवढा धूर पुरला.

वॉचमन रहीमभाई जिन्यातून ओरडत होते, "सब नीचे! यल्ला, सब नीचे!" पाच मिनिटांत अख्खी इमारत रस्त्यावर. त्रेचाळीस डिग्री. कुणाच्या केसांना मेंदी, कुणाच्या तोंडाला साबण, जोगळेकरांच्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. मी गाऊनमध्ये, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात शिरीषची. अग्निशमनवाल्यांची गाडी दोन सिग्नल पलीकडून ऐकू येत होती, पण येत काही नव्हती, कारण आमचा रस्ता त्या आठवड्यात पत्र्यांआड गेला होता.

रहीमभाईंनी फोन केला होता, त्यामुळे शिरीष आणि ईशान अर्ध्या वाटेतूनच परत आले. शिरीष पत्र्यांपलीकडे गाडी सोडून धावतच आला. "मृणाल! काय झालं? तू ठीक आहेस ना?"

आणि मी, देव मला क्षमा करो, तोंड उघडलं.

"काय झालं? काय झालं विचारतोस? तुझ्या त्या भंगाराने घर पेटवलं! हजारदा सांगितलं होतं, फेकून दे, फेकून दे! अहो बघा सगळ्यांनी, ह्या माणसाने जपानहून काय आणलं! आता घर जाणार आपलं! मी नाशिकला चालले, तू बस बेडूक घेऊन!"

"पण मी तर घरात नव्हतो गं."

"वस्तू कुणाची आहे?"

"माझी," शिरीष खाली मान घालून म्हणाला. जोगळेकर वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरुषांना कळतच नाही हो, मृणाल वहिनी." मी डोळे टिपले. खरंच टिपले!

अग्निशमनवाल्यांची गाडी एकदाची आली. एक उंच, दाढीवाला अधिकारी वर गेला आणि दहा मिनिटांनी खाली आला. एका हातात जळकी डबी, दुसऱ्या हातात बेडकाची कॅसेट.

"हू पुट धिस डायरेक्ट? नो ट्रान्सफॉर्मर?"

"ट्रान्सफॉर्मर इज इन माय कार," शिरीष म्हणाला.

"इन द कार!" अधिकाऱ्याने आकाशाकडे पाहिलं. "यू आर इंजिनियर?"

"येस."

"स्टेडियम?"

"येस," शिरीष आणखी बारीक आवाजात म्हणाला.

अधिकाऱ्याने वही काढली आणि त्याचं नाव लिहायला घेतलं. शिरीषने एकदा माझ्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि निमूटपणे आपलं नाव सांगू लागला. मला बोलायचं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात ईशान मधे पडला.

"इट वॉजन्ट डॅड! मॉम वॉज प्लेइंग. शी प्लेज एव्हरी डे. शी इज ऑन लेव्हल एट!"

जोगळेकर वहिनींचा हात माझ्या खांद्यावरून हळूच उचलला गेला.

"मीच लावलं," मी म्हणाले. आणि मग इंग्रजीत, हिंदीत, परत मराठीत तेच सांगितलं. कुणाला काही शंका राहायला नको. "घर खाली करायचं तर माझ्यामुळे. त्यांची काही चूक नाही."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग कॅसेटकडे. त्याने ती उलटी केली आणि नकळत, अगदी शिरीषसारखी, तिच्यात फुंकर मारली. मग खोकला आणि वही मिटली. "स्मॉल स्मोक. नो फायर. खलास." रहीमभाईंना त्याने सांगितलं की मालकाने काही विचारलं तर त्याच्याशी बोलायला सांगा, आणि मला म्हणाला, "मॅडम, नेक्स्ट टाइम ट्रान्सफॉर्मर. इन्शाल्ला."

लोक जिन्याकडे निघाले. मी तिथेच उभी राहिले. शिरीष माझ्याकडे येत होता. आता तो बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल, आणि त्याने बोलायलाच हवं, असं म्हणून मी डोळे मिटले.

"मृणाल."

"बोल."

"सहाव्या लेव्हलला तो पूल आहे बघ, पाय ठेवला की तुटतो. दोन महिने मी तिथेच मरतोय." त्याने इकडेतिकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "तू कसा पार केलास गं?"

"बाईसाहेब, चला वर, ऊन लागेल!" जिन्यातून जोगळेकर वहिनी ओरडल्या.

"दोनच मिनिटं!" मी ओरडले. आणि अर्ध्याच तासापूर्वी ह्याच माणसाला सोडून नाशिकला निघालेली मी, रस्त्याच्या कडेला गाऊन सावरून उकिडवी बसले आणि तापलेल्या वाळूत बोटाने त्याला पुलाच्या फळ्या काढून दाखवायला लागले.