तयार डिस्कवरचा क्लास

कर्वेनगरातला माझा कॉम्प्युटर क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी एका फोनचं कौतुक अजून माझ्या वाट्याला येतं. ते माझं नाही. आता थकलोय, म्हणून सांगून टाकतो.

वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क, म्हणजे तिचा तयार सांगाडा, आधी मशीनवर बसवावी लागते. नवख्याचे त्यात दिवस जातात. पण पहिल्या दिवशी पडद्यावर पान उघडलं नाही, तर पालक विचारायचे, "अहो, फी घेतलीत, आता शिकवायचाही विचार आहे ना?" म्हणून आमच्या एका शिक्षकाने सगळं बसवलेली डिस्क तयार केली. तो अमेरिकेला गेला. मी तीच डिस्क प्रत्येक मशीनवर उतरवत राहिलो. मुलं आयकॉनवर क्लिक करायची, पान उघडायचं. बसवायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. मलाही नव्हतं.

अमरावतीकडची एक विद्यार्थिनी खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली. एका दुपारी तिचा फोन आला, आवाज दबका.

"सर, चालूच नाही होऊन राहिलं. साहेब म्हणाले, सेटअप तुमचं तुम्ही करा. शेजारचा विचारतो, 'मॅडम, डबल क्लिकचा कोर्स केलाय का?' आज नाही झालं तर काढतील मला."

"रीस्टार्ट केलंस?"

"सकाळपासून तेच करून राहिली."

"काय लिहून येतंय? वाच."

तिने वाचलं. नवं व्हर्जन हवं, जुनं सापडलं, असं काहीतरी. मला बोध होईना. वेळ काढायला म्हणालो, "पुढे वाच."

वाचता वाचता ती थांबली. "पण मी तर नवंच टाकलं... थांबा सर. आधी इथे बसायचा त्याचं जुनं राहून गेलंय. मशीन तेच उचलून राहिली!"

थोड्या वेळाने म्हणाली, "जुनं काढलं, पान आलं, सर! तुमच्यामुळे."

मी "असू दे" म्हणालो.

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी क्लासवर येऊन, सरांनी फोनवर नोकरी वाचवली, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मी हात जोडले. तिचा फोटो दारावर लावला. प्रवेश वाढले. डिस्क तीच ठेवली.

मग नोकरीला लागलेल्या इतर विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागले. त्यांनाही मी "पुढे वाच" म्हणायचो. तिच्याच गावाकडच्या एकाला वाचूनही काही सापडलं नाही. त्याची नोकरी गेली, तो परत गेला. जाताना तिला म्हणाला, "सरांनी बरोबर सांगितलं होतं. मलाच नाही जमलं."

तिने हे मला सांगितलं, तेव्हाही मी "असू दे"च म्हणालो.